अनंताची पिवळी पाने आणि चहाचा चोथा

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय वारंवार दिसतो : घरातला ओला कचरा वापरून अनंत, इक्सोरा, सोनचाफा, हायड्रेंजिया अशा आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांचे पोषण कसे करावे. बहुतेक पत्रलेखकांनी ‘चहाचा चोथा आम्लधर्मी असतो’ हे वाक्य गृहीत धरून पुढचे प्रश्न विचारले आहेत, त्यामुळे उत्तरांची सुरुवात त्या गृहीतकापासूनच करावी लागत आहे. पत्रे संक्षिप्त करून आणि नावे गाळून दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे बारा इंची कुंडीत अनंताचे झाड आहे. रोपवाटिकेतून आणले तेव्हा ते हिरवेगार आणि कळ्यांनी भरलेले होते. मी त्याला रोज चहाचा चोथा, अधूनमधून कॉफीचा गाळ व लिंबाच्या साली आणि कॅल्शियमसाठी मिक्सरमधून काढलेली अंड्यांची कवचे घालते. पाणी सोसायटीच्या बोअरचे आहे. आता नवी पाने पिवळी, काही तर पांढरट येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. चोथ्याचे प्रमाण वाढवू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाढवू नये. आपण केलेले वर्णन नेमके असल्यामुळे निदान सोपे झाले आहे. पिवळेपणा शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर आहे आणि शिरा हिरव्या आहेत, याचा अर्थ झाडाला लोह मिळत नाही. नत्र कमी पडले असते तर खालची जुनी पाने सरसकट पिवळी झाली असती. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही शिरांच्या मधला भाग पिवळा होतो, पण तोही आधी जुन्या पानांवर. लोह झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात सहज हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नेहमी नव्या पालवीवर दिसते.

कुंडीतल्या मातीत लोह नाही असा मात्र याचा अर्थ नाही. मातीचा लाल रंगच लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि साध्या मातीतही वजनाच्या काही टक्के लोह असते. अडचण विद्राव्यतेची आहे. मातीचा सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळलेल्या फेरिक लोहाचे प्रमाण सुमारे हजार पटींनी घटते. अनंताला ५ ते ६.५ सामू मानवतो. दख्खनच्या पठारावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू ७.५ ते ८.५ च्या घरात असतो. अशा मातीत झाड लोहाच्या ढिगावर उभे राहूनही उपाशी राहते.

आता आपण घालत असलेल्या वस्तूंकडे वळू. चहाच्या पानांतली पाण्यात विरघळणारी आम्ले उकळताना पाण्यात उतरतात आणि आपल्या पोटात जातात. गाळणीत उरलेला चोथा सौम्य आम्लधर्मी किंवा जवळजवळ उदासीन असतो आणि मातीचा सामू खाली ओढण्याची ताकद त्याच्यात नसते. कॉफीचेही तेच, वापरलेल्या कॉफीच्या गाळाचा सामू बहुधा ६.५ ते ७ च्या दरम्यान भरतो. हे पदार्थ निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. चहाच्या कोरड्या पानात चार टक्क्यांच्या आसपास आणि कॉफीच्या गाळात सुमारे दोन टक्के नत्र असते, ते सावकाश सुटते आणि माती भुसभुशीत होते. पण हे खत आहे, आम्ल नव्हे, आणि सध्या आपल्या झाडाची तक्रार खताची नाही.

अंड्यांच्या कवचांबाबत मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे : ती आजच बंद करावीत. कवच म्हणजे सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्या चुनखडीने आपल्याकडची माती आधीच भरलेली आहे तीच. एका कवचाचे वजन साधारण पाच ग्रॅम धरले तर तेवढा चुना निष्प्रभ करायला सुमारे दीड ग्रॅम गंधक लागते (मातीत गंधकाचे आम्ल बनते). हाताने चुरलेले मोठे तुकडे वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि फारसे नुकसान करत नाहीत. आपण मिक्सरमधून पीठ केल्यामुळे ते लवकर विरघळते. शिवाय कवच विम्ल, म्हणजे आम्लधर्मीच्या उलट, मातीत विरघळतच नाही म्हटले तरी चालेल, ते विरघळते ते नेमके आम्लधर्मी मातीत, म्हणजे रोपवाटिकेने कोकोपीट घालून जी माती अनंताला योग्य केली होती तिथेच. चुलीची किंवा होमाची राख हीसुद्धा याच वर्गातली आहे, आणि तिचा परिणाम कवचांपेक्षा बराच जलद होतो.

यापेक्षाही मोठे कारण बोअरचे पाणी असावे असे मला वाटते, आणि पत्रलेखक ते ओघात एका वाक्यात सांगून मोकळे होतात. बेसाल्ट खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विम्लतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. आपले पाणी ३०० मिलिग्रॅमचे आहे असे समजू. रोज एक लिटर पाणी घातले तर वर्षाकाठी सुमारे ११० ग्रॅम चुन्याइतका विम्ल भार त्या एका कुंडीत जातो. यापुढे चमचाभर चोथा काय करणार? प्रयोगशाळेत न जाताही याची खूण पाहता येते : मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर, बादलीच्या काठावर आणि चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा, नखाने खरवडला तरच निघणारा थर बसतो, तो हाच चुना.

म्हणून क्रम असा ठेवावा. कवचे बंद करावीत. पाणी बदलावे, पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम, धरणाचे नळाचे पाणी बोअरपेक्षा सहसा बरेच मृदू, आणि वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी तर जवळजवळ क्षारविरहित असते, जे आपण फुकट वाहू देतो. याउलट पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून झाडांना घालण्याची पद्धत पडली आहे. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरावे, अनंताला घालू नये. पावसाळा सुरू झाल्यावर झाड नव्या मिश्रणात हलवावे : धुतलेले कोकोपीट दोन भाग, पालापाचोळ्याचे जुने खत एक भाग आणि चुनखडी नसलेली माती एक भाग. कळीगळ मात्र केवळ लोहामुळे होते असे नाही. कोरडी हवा, कुंडीची जागा बदलणे, माती एकदा पार वाळणे आणि नंतर तुडुंब भिजणे, यांपैकी कशानेही अनंत कळ्या टाकतो, त्यामुळे पाने हिरवी झाल्यावरही पहिल्याच बहरात सर्व कळ्या उमलतील अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : माझ्या मातीत चुनखडी आहे की नाही हे घरी कसे ओळखावे? रोपवाटिकेतून ‘लाल माती’ आणली आहे, ती आम्लधर्मीच असणार ना? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : रंगावरून सामू ठरत नाही. पठारावरच्या पुष्कळ लाल मातींत चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. स्टीलच्या वाटीत दोन चमचे कोरडी माती घेऊन तिच्यावर पांढरे व्हिनेगर ओतावे आणि वाटी कानाजवळ धरावी. माती नुसती भिजून गप्प बसली तर मुक्त चुना नाही किंवा नगण्य आहे. बारीक बुडबुडे येऊन चुरचुर आवाज ऐकू आला तर चुना आहे, आणि फेस जितका जास्त तितका तो जास्त. कुंडीत घालायची वाळू आणि खडीसुद्धा याच पद्धतीने तपासावी, कारण चांगल्या मातीत चुनखडीची वाळू मिसळून मातीचे मातेरे करणारे लोक मी पाहिले आहेत.

सामूचा आकडाच हवा असेल तर एक भाग माती अडीच भाग ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, अर्ध्या तासाने वरच्या निवळीत पीएच कागद बुडवावा. मातीत खुपसायचे दोन सुयांचे, बॅटरी नसलेले स्वस्त मीटर मिळतात. त्यांच्या काट्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना देणे सर्वांत खात्रीचे. तिथे सामूबरोबर मुक्त चुन्याची टक्केवारीही मागावी, कारण खरा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. हिशेब असा : दहा किलो मातीत एक टक्का मुक्त चुना असेल तर तो शंभर ग्रॅम झाला, आणि तो संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागते, तोपर्यंत सामू फारसा हलत नाही. चुना पाच टक्के असेल तर १६० ग्रॅम गंधक लागेल, आणि तेवढे गंधक कुंडीत घातल्यास त्यातून तयार होणारे क्षारच झाडाला मारतील. अशा मातीशी झगडत बसू नये, ती सरळ बदलावी. जमिनीत लावलेल्या झाडाच्या बाबतीत हा मार्गही उरत नाही, म्हणून भारी काळ्या जमिनीत अनंत लावण्यापेक्षा तो कुंडीत वाढवावा आणि जमिनीत मोगरा किंवा पारिजातक लावावा, हे मी अनेकांना सांगतो आणि बहुतेकांना ते आवडत नाही.

प्रश्न : चहाचा चोथा झाडांना घालण्याची योग्य पद्धत कोणती? आमच्या कुंडीत मुंग्या झाल्या आहेत आणि मातीवर पांढरी बुरशी धरली आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याकडचा चहा दूध, साखर आणि आले घालून उकळलेला असतो, हे या विषयावरचा बाहेरच्या देशांतला सल्ला जसाच्या तसा उचलताना विसरले जाते. साखरेमुळे मुंग्या येतात आणि दुधातल्या स्निग्धांशामुळे व प्रथिनांमुळे आंबूस वास, बुरशी आणि चिलटे येतात. मुंग्यांचा उपद्रव मातीपुरता राहत नाही. त्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीवर पसरवतात, आणि मग झाडाच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसू लागतात. तेव्हा गाळणीतला चोथा वाहत्या पाण्याखाली, खाली पडणारे पाणी दुधाळ दिसेनासे होईपर्यंत धुवावा, मुठीत घट्ट पिळावा आणि वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण वाळवावा. वाळलेला चोथा डब्यात साठवता येतो. बारा इंची कुंडीला पंधरा दिवसांतून एकदा एक ते दोन मोठे चमचे पुरेत; तो वर ढिगाने ओतू नये, वरच्या इंचभर मातीत खुरप्याने मिसळावा. पिशवीचा चहा असेल तर पिशवी फाडून टाकावी, कारण पुष्कळ पिशव्यांत प्लॅस्टिकचे धागे असतात.

सध्या दिसणारी पांढरी बुरशी चोथा खाणारी आहे, झाड खाणारी नव्हे. वरचा थर काढून टाकावा, माती मोकळी करावी आणि आठ दिवस वरचा भाग वाळू द्यावा. कॉफीचा गाळही असाच वापरावा, पण अगदी पातळ. जाड थर वाळला की त्याची पाणी न शोषणारी खपली बनते. बियांच्या वाफ्यात किंवा नुकत्या उगवलेल्या रोपांना गाळ घालू नये, त्यातल्या कॅफिनमुळे कोवळ्या मुळांची वाढ खुंटते.

प्रश्न : लिंबाचा रस, व्हिनेगर, आंबट ताक, चिंचेचा चोथा, आमसुलाचे पाणी हे सर्व तर निश्चितच आंबट आहेत. ते पाण्यात मिसळून घातले तर माती आम्लधर्मी होणार नाही का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होते, आणि काही दिवसांत पूर्ववतही होते. ही सर्व सेंद्रिय आम्ले आहेत : लिंबात सायट्रिक, व्हिनेगरमध्ये ॲसिटिक, ताकात लॅक्टिक, चिंचेत टार्टारिक. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने ती अन्न आहेत. आपण एक लिंबू पिळले तर त्यातले सुमारे एक ग्रॅम सायट्रिक आम्ल तीनशे मिलिग्रॅम विम्लतेच्या अडीच लिटर पाण्याला पुरेल. पण पुढे सूक्ष्मजीव त्या आम्लाचे विघटन करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम पुन्हा बायकार्बोनेटाच्या रूपात मागे राहते. त्या दोन-चार दिवसांत झाडाने थोडे लोह उचलले तर तेवढाच लाभ. याउलट गंधकापासून तयार होणारे सल्फ्युरिक आम्ल कोणी खाऊ शकत नाही, म्हणून त्याचा परिणाम टिकतो.

व्हिनेगर मी कुंडीत मुळीच घालू देणार नाही. थोडे घातले तर उपयोग नाही आणि जास्त घातले तर मुळे भाजतात. तीव्र व्हिनेगर तण मारायला वापरतात ते उगीच नव्हे. आमसुलाच्या आणि लोणच्याच्या पाण्यात मीठ असते, ते कोणत्याच झाडाला देऊ नये. चिंचेचा कोळ काढून उरलेला चोथा मीठ न लावलेला असेल तर खतात टाकावा. पितळेची भांडी घासून उरलेला असेल तर त्यात मीठ आणि तांब्याचा अंश असतो, तो कचऱ्यातच जाऊ द्यावा. ताकाचे निराळे आहे. आपल्याकडचे शेतकरी आंबट ताक फवारणीसाठी वापरतात, काही जण त्यात लोखंडाचा तुकडा बुडवून ठेवतात आणि काळसर झालेले ताक भरपूर पाण्यात मिसळून देतात. लॅक्टिक आम्लात थोडे लोह विरघळते हे खरे आहे, त्यामुळे या रिवाजाला आधार आहे. पण प्रमाण हातात राहत नाही, आणि बाल्कनीत शेजाऱ्यांच्या नाकाचाही विचार करावा लागतो.

प्रश्न : मोसंबी, संत्री आणि लिंबू यांच्याच साली घालून वेगळे ‘आम्लधर्मी कंपोस्ट’ करता येईल का? आणि सालींचे बायोएन्झाइम अनंताला चालते का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नागपूरकरांकडे संत्र्याच्या सालींना तोटा नाही, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. कंपोस्ट सुरुवातीला खरोखर आम्लधर्मी होते, त्याला आंबूस वासही येतो. नंतर प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया सुटतो, सामू आठच्या पुढे जातो, आणि पक्व खत शेवटी ७ ते ८ च्या दरम्यान स्थिरावते. साली आंबट होत्या की गोड, याने शेवटच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. तरीही असे खत आम्लप्रिय झाडांना उपयोगी आहे, कारण त्यातले ह्युमिक पदार्थ, म्हणजे सेंद्रिय पदार्थ कुजून बनणारी गडद संयुगे, लोहाला धरून ठेवतात आणि मुळांना ते उचलणे सोपे जाते. फक्त मिश्रणात त्याचा वाटा पाव भागाहून अधिक नसावा. संत्र्याच्या साली बारीक चिरून घालाव्यात, नाहीतर त्यांच्या तेलामुळे त्या बराच काळ तशाच राहतात आणि गांडुळेही त्यांच्यापासून दूर पळतात.

बायोएन्झाइम म्हणजे एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून केलेला द्रव. मूळ द्रव चांगलाच आम्ल असतो, सामू चारच्या खाली जातो. पण तो झाडांना द्यायचा तर हजारपट पाण्यात मिसळून द्यावा लागतो आणि मग त्यातली आम्लता बोअरच्या पाण्यासमोर शिल्लक राहत नाही. फरशी आणि ओटा पुसायला तो उत्तम आहे.

आपल्याकडून सहज मिळणारी दुसरी गोष्ट सुचवतो : सरकीची पेंड. अमेरिकेच्या दक्षिण भागात अझेलिया आणि कॅमेलियाला सरकीची पेंड घालण्याची जुनी पद्धत आहे, आणि विदर्भात ती जनावरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते. तिच्यातले नत्र सावकाश अमोनियमच्या रूपात सुटते. अमोनियमचे पुढे नायट्रेट होताना हायड्रोजनचे आयन बाहेर पडतात, त्यामुळे मातीला थोडीशी, अगदी हलकी, पण आम्लतेच्या दिशेने ओढ मिळते. बारा इंची कुंडीला महिन्यातून एक मूठभर कुटलेली पेंड मातीत मिसळून वर पालापाचोळा पसरावा. उघडी ठेवली तर उंदीर येतात.

प्रश्न : आमच्याकडे परसात अनंत, सोनचाफा आणि अबोली आहे. जमीन जांभ्याची आहे. चोथा आणि साली घालून ती आणखी आम्लधर्मी करावी का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्याला काहीच करण्याची गरज नाही. कोकणात मोठ्या पावसाने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून जाते आणि जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असते. वर पुणेकर वाचकाला ज्या गोष्टींची मनाई केली, ती कवचे आणि राख, आपल्याकडे भाजीच्या वाफ्यात आणि नारळाच्या आळ्यात बेताने घालणे हितकारक ठरते. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याच्या पद्धतीतही राखेचा हाच एक फायदा आहे. अनंताच्या आळ्यात मात्र राख नको. चोथा आणि साली अन्न म्हणून खुशाल घालाव्यात, जांभ्याच्या मातीला सेंद्रिय पदार्थ कितीही मिळाले तरी कमीच.

प्रश्न : महाबळेश्वरहून निळ्या फुलांचे हायड्रेंजिया आणले. नाशिकला दुसऱ्या वर्षी त्याला गुलाबी फुले आली. मातीत गंजलेले खिळे आणि कॉफी घातली, तरी रंग परतला नाही. रोपवाटिकेने फसवले का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : फसवले नाही, झाड तेच आहे. हायड्रेंजियाचा निळा रंग लोहामुळे नव्हे, तर ॲल्युमिनियममुळे येतो, म्हणून खिळ्यांचा काही उपयोग झाला नाही. सामू ५.५ च्या खाली असला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळते, मुळांतून फुलात पोचते आणि फूल निळे होते, ६.५ च्या वर ते बंदिस्त राहते आणि तेच फूल गुलाबी होते. मधल्या सामूला एकाच गुच्छात जांभळट छटा दिसतात. पांढऱ्या जाती मात्र रंग बदलत नाहीत.

यावर घरातलीच एक वस्तू चालते, फक्त ती स्वयंपाकघरात नसून दाढीच्या सामानात असते : तुरटी. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट. लिटरभर पाण्यात तीन ते चार ग्रॅम कुटलेली तुरटी विरघळवून, माती आधी साध्या पाण्याने ओली करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी, आणि ही सुरुवात कळ्या दिसण्याच्या पुष्कळ आधी करावी, कारण उमललेल्या फुलाचा रंग फिरत नाही. मात्रा वाढवली तर ॲल्युमिनियम मुळांना विषारी ठरते. हाडांचा चुरा किंवा दुसरे स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेले) खत याच काळात देऊ नये, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून टाकतो. पाणी जड असेल तर इथेही पावसाच्या पाण्यावाचून गत्यंतर नाही. गुलाबी रंग सुंदर दिसत असेल तर तो तसाच ठेवावा, असे माझे वैयक्तिक मत.

प्रश्न : अंगणात ब्लूबेरीची चार झुडपे लावली आहेत. घरात दोन वेळा चहा होतो, त्याचा चोथा त्यांना चालेल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपण या पिकाच्या माहेरीच राहता. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते हे अमेरिकी कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. ते वाचून न्यू जर्सीतल्या क्रॅनबेरी बागायतदार घराण्यातील एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिले, आणि दोघांच्या कामातून व्हाइट्सबॉग येथे १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले व्यापारी पीक निघाले. तोवर हे फळ रानातूनच गोळा केले जात असे.

ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामू हवा. आपल्या राज्यातही घराच्या पायाजवळची माती काँक्रीटमधल्या चुन्यामुळे विम्ल झालेली असू शकते, म्हणून झुडपे भिंतीपासून दूर असावीत. चोथा वर सांगितल्याप्रमाणे धुऊन, पातळ पसरून घालावा आणि त्यावर पाइनच्या सालीचे तीन-चार इंच आच्छादन करावे. ब्लूबेरीची मुळे उथळ आणि केशमुळे नसलेली असतात, त्यांना या आच्छादनाचा लाभ चोथ्यापेक्षा अधिक होतो. खत द्यायचेच तर अमोनियम सल्फेट द्यावे, नायट्रेट देऊ नये, कारण हे झुडूप नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपातच घेते.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी सामू उतरत नसेल तर काय वापरावे? माझ्या इक्सोराची पाने पिवळी पडली आहेत आणि मला महिनोन्‌महिने थांबायचे नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन कामे वेगळी समजावीत : पाने लगेच हिरवी करणे आणि माती सुधारणे. पहिल्यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कृषी सेवा केंद्रात स्वस्त मिळते. शेतात लिटरला पाच ग्रॅमची फवारणी करतात. कुंडीतल्या झाडावर दोन ते तीन ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि लिटरला एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, जे किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळते, आधी पाण्यात विरघळवून मग हिराकस घालावे. लिंबाच्या आम्लाचा खरा उपयोग इथे आहे : ते लोहाला धरून ठेवते आणि द्रावण लवकर तपकिरी होऊ देत नाही. द्रावण तपकिरी झाले तर टाकून द्यावे. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी करावी आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा करावी. फवारणीनंतर फुटणारी पालवी हिरवी येत राहील याची मात्र खात्री नाही, कारण मूळ कारण मातीत तसेच असते.

मातीतून लोह द्यायचे असेल तर सोलापूरच्या मातीत हिराकस घालून उपयोग नाही, ते काही दिवसांत अविद्राव्य होते. चिलेटेड लोह म्हणजे सेंद्रिय संयुगाने धरून ठेवलेले, विद्राव्य राहणारे लोह; त्यातला इडीटीए हा प्रकारही सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही. इडीडीएचए हा प्रकार विम्ल मातीतही काम करतो. तो महाग आहे, परंतु कुंडीला चिमूटभर पुरतो. वेष्टनावर नेमके कोणते संयुग आहे हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माती सुधारण्यासाठी गंधक. मुक्त चुना नसलेल्या दहा लिटर मातीत चहाचा एक चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम, बेंटोनाइट गंधक (बेंटोनाइट चिकणमाती मिसळून दाणेदार केलेले गंधक) वरच्या थरात मिसळावे. गंधकाचे आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ऊब व ओल लागते, त्यामुळे परिणाम दिसायला दोन ते तीन महिने जातात; त्याआधी दुसरी मात्रा देऊ नये. मुक्त चुना असलेल्या मातीबद्दल अहिल्यानगरच्या वाचकाला दिलेले उत्तर पाहावे. हिराकसाची फवारणी करताना कुंडी फरशीवरून उचलून मोकळ्या जागी न्यावी आणि जुने कपडे घालावेत, कारण त्याचे गंजासारखे डाग फरशीवरून आणि कपड्यांवरून सहजासहजी जात नाहीत.